मोजणीत न आलेली माणसं

प्रिय बाळ,

इथल्या, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीच्या ज्येष्ठांसाठीच्या आराखड्याच्या कामावर तुला घेतलं, हे ऐकून फार बरं वाटलं. "मावशी, आधी काय वाचू?" असं विचारलंस. जागतिक आरोग्य संघटनेची ज्येष्ठांना सोयीच्या शहरांवरची २००७ ची मार्गदर्शिका वाच. ३३ शहरांतल्या अनुभवावरून ती केली आहे आणि त्यात घर, प्रवास, मोकळ्या जागा असे आठ विषय आहेत. ते आठही तुझ्या ऑफिसात सगळ्यांना तोंडपाठ असतील, म्हणून मी त्यावर शाई घालवत नाही. माझी हयात सिग्नलच्या कामात गेली, तेव्हा सिग्नलचंच सांगते.

पांढरा माणूस विझून लाल हात लुकलुकायला लागला की उलटे आकडे सुरू होतात. ते आकडे कितीपासून सुरू करायचे, हे सेकंदाला साडेतीन फूट या चालीवरून ठरतं. २००९ च्या आधी चार फूट धरायचे. शंभर फुटांच्या रस्त्याला साधारण २९ सेकंद. हा भागाकार मी झोपेतही करेन.

आई साताऱ्याहून आली तेव्हा ७८ वर्षांची होती. वाचनालय घरापासून दहा मिनिटांवर, मध्ये सहा पदरी रस्ता. पहिल्यांदा मी बरोबर गेले. बटण दाबलं, पांढरा माणूस लागला, तरी ही फुटपाथवरच. उजवीकडे वळणारी गाडी खरंच थांबली का ते आधी पाहिलं, मग उतारावर काठी टेकवली, मग पाऊल. दुभाजकापाशी पोचलो तेव्हा आकडा ९ वर आला होता. ती थांबली. मी म्हटलं, "चल ना, होईल." ती म्हणाली, "तुझं होईल गं."

पुढे तिने वाचनालयाचं नाव काढलं नाही. विचारलं की गुडघ्यावर ढकलायची. मलाही ते पटलं, हे जास्त वाईट.

कॅलिफोर्नियाच्या नियमपुस्तकात यावर तोड आहे. जिथे म्हातारी किंवा अपंग माणसं नेहमी रस्ता ओलांडतात, तिथे सेकंदाला २.८ फूट धरण्याचा विचार करावा, असं त्यात आहे. म्हणजे त्याच रस्त्याला २९ ऐवजी ३६ सेकंद. पण सगळी मेख त्या 'नेहमी'त आहे. घाबरून माणसं यायची थांबली की चौकात पादचाऱ्यांच्या मोजणीला उभ्या राहिलेल्या पोराला ती दिसणार कशी? मोजणीत नाहीत म्हणून सेकंद वाढत नाहीत, आणि सेकंद वाढत नाहीत म्हणून ती घरातच. 'ज्येष्ठ पादचारी: नगण्य' असं लिहिलेल्या कागदांवर मी स्वतः सह्या केल्या आहेत. आईचा चौक त्यात नव्हता, एवढंच.

हा 'नगण्य' तुला फायलीफायलीत भेटेल. अपंगत्वामुळे ज्यांना बसने जाता येत नाही त्यांच्यासाठी दारापर्यंत येणारी पॅराट्रान्झिटची गाडी घे. १९९० च्या अपंग हक्क कायद्याने ती द्यावीच लागते, पण कायद्याची सक्ती बसमार्गापासून पाऊण मैलापर्यंतच. प्रवासी नाहीत म्हणून बसमार्ग बंद झाला की जो कधी बसमध्ये चढूच शकत नव्हता, त्याच्या गाडीचीही सक्ती उरत नाही. बैठकीत हे कुणीतरी बोलायला हवं, आणि ज्याचं नुकसान होणार तो बैठकीला येऊ शकत नाही. संध्याकाळी साडेसहाला, जिथे गाडीशिवाय पोचता येत नाही अशा इमारतीत जनसुनावणी ठेवायची आणि मग 'प्रतिसाद अल्प' असं लिहायचं, हे मी फार पाहिलं आहे.

म्हणून सुनावणी जेवणाच्या टेबलावर ने. साठीच्या पुढच्यांना दुपारचं जेवण मिळतं ती केंद्रं काउंटीभर आहेत. आपली मंडळी हवी असतील तर मिलपिटासच्या इंडिया कम्युनिटी सेंटरमध्ये जा. तिथे 'तुम्हाला काय हवं' असं विचारू नकोस, बाक आणि झाडं याच्यापुढे यादी जात नाही. विचार, "गेल्या वर्षी कुठे जात होतात, जिथे आता जात नाही?" आणि, "या टेबलावर पूर्वी कोण बसायचं?" त्या न येणाऱ्याच्या घरी जा. घरपोच डबा देणाऱ्यांनाही विचार, दार उघडायला कुणाला किती वेळ लागतो ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. बोलताना मुलगा-सून शेजारी नकोत. ती असली की आपले आजी-आजोबा "छान चाललंय, काही त्रास नाही" याच्यापुढे जात नाहीत.

काउंटीत १५ शहरं आहेत आणि शहरांतल्या बहुतेक सिग्नलवर तुमचं काही चालणार नाही, पत्रं लिहीत बसावं लागेल. पण लॉरेन्स, सॅन टोमास, मॉन्टेग्यू हे एक्स्प्रेसवे काउंटीचेच, आणि पायी ओलांडायला तेच जास्त रुंद. सुरुवात तिथून कर.

मंगळवारी दहाला मोकळी असलीस तर लॉरेन्सवर भेटू. मी आता ७१ ची आहे, डावा गुडघा आईवर गेलाय. काठी माझ्याकडे आहे, स्टॉपवॉच तू आण.

तुझी,
मावशी