हिवाळ्यात घर बंद ठेवताना

प्रश्न : आम्ही मिनिॲपोलिसला राहतो. जानेवारीत तीन आठवडे पुण्याला येताना घराचे हीटिंग बंद ठेवले तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही, वाचलेल्या बिलापेक्षा दुरुस्ती महाग पडेल. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे बर्फ आणि बंद नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढून पाइप फुटतो, आणि गळती मात्र बर्फ वितळल्यावरच दिसते. थर्मोस्टॅट किमान ५५ अंश फॅरनहाइटवर ठेवावा. निघताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडावेत, म्हणजे पाइपमधला दाब उतरेल. मात्र घर गरम पाण्याच्या रेडिएटरवर तापत असेल, तर आधी प्लंबरला विचारावे. बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालील कपाटाची दारे उघडी ठेवावीत. अंगणातल्या नळाला लावलेली बागेची नळी काढायला लोक हमखास विसरतात.