"आपल्यात मुलगे स्वयंपाक करत नाहीत ना?"

प्रिय ओजस,

काल रात्री ते कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवून तू विचारलंस, "आपल्यात मुलगे स्वयंपाक करत नाहीत ना? मग मी काय लिहू?" तुमच्या फोर-एच क्लबातल्या, म्हणजे त्या शेती-घरकाम शिकवणाऱ्या मुलांच्या क्लबातल्या, प्रत्येक मुलाने घरची एक सोपी, एकट्याने जमणारी पाककृती आणायची आहे, एवढीच गोष्ट. मी म्हटलं, "झोप आता, उद्या बघू." पण तो शेवटचा "ना" मला चांगलाच लागला. प्रश्न नव्हताच तो, तू ठरवूनच टाकलं होतंस.

आणि का ठरवू नयेस? गेल्या डिसेंबरात इंदूरला, रामबागेतल्या घरी, तू ताटं घ्यायला उठलास तर दोन्ही काकू आणि आजी एका सुरात म्हणाल्या, "तू बस रे राजा, मुक्ता आहे ना." मुक्ता उठली, तू बसलास. आता मी सांगणार की तो पाहुण्या लेकराचा लाड होता. खरंच होता. फक्त मुक्ताही पाहुणीच होती, तिचा लाड ताटं मांडण्यात कसा होतो, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तोंडी सांगायला बसले तर तू "कळलं आई" म्हणून बर्फात खेळायला पळशील, म्हणून लिहितेय. पाककृती पत्राच्या शेवटी आहे. घाई असेल तर सरळ तिथे जा, मी रागावणार नाही.

देपालपूरकडचं आपलं शेत तू पाहिलंस ते सोयाबीनचं. माझ्या लहानपणी त्याच जमिनीच्या एका कडेला नानाआजोबा दरवर्षी मका लावायचे, घरच्यापुरता. सोयाबीन विकायचं, गहू विकायचा आणि खायचा, मका मात्र निव्वळ आम्हां पोरांचा. गंमत म्हणजे शेतातलं सगळ्यांत मोठं पीक आमच्या चुलीवर कधी चढलंच नाही. सोयाबीन थेट मंडीत आणि तिथून तेलाच्या कारखान्यात. इथे कॅनडात आपल्या शेजाऱ्यांचं कॅनोला, ते तेलबियांचं पीक, जातं ना, अगदी तसंच.

थंडीत शेतावर "गोठ" व्हायची. गोठ म्हणजे सगळं खटलं शेतावर जेवायला, आणि जेवायला दुसरं काय, डाळ-बाफले. आता ऐक. बाफले करायचा बंडूमामा. हो, तोच, जो आज पाणीसुद्धा बसल्या जागी मागतो. बारा-तेरा वर्षांचा असेल. गव्हाचं रवाळ पीठ, त्यात थोडं मक्याचं, ओवा, हळद, मीठ, मूठ वळेल इतकं तुपाचं मोहन. पीठ घट्ट मळायचं, लिंबाएवढे गोळे करून उकळत्या पाण्यात सोडायचे. ते आधी तळाशी बसतात आणि शिजले की आपोआप वर येतात. घड्याळ लागत नाही. मग निथळून, गोवऱ्यांच्या धगीत उलटसुलट करत भाजायचे, फडक्यात घोळवून राख झाडायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. बंडू, त्याचे दोन चुलतभाऊ आणि नानामामा, चौघे मिळून चाळीस माणसांचं करायचे. एकही बाई त्या विस्तवाजवळ जायची नाही.

तेव्हा मुलगे स्वयंपाक करत नाहीत हे खोटं आहे. माझ्याकडे पुरावा आहे!

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर मुक्ता वाचून हसेल. आम्ही मुली तेव्हा काय करत होतो? तुरीचं वरण, हिरवी चटणी, कांदे चिरणं, पत्रावळी मांडणं, आणि घरी गेल्यावर राखेने काळवंडलेली भांडी. बाफल्यांची वाहवा बंडूला मिळायची. वरणात मीठ कमी पडलं तर ते मला ऐकू यायचं. वर्षातून दोनदा उघड्यावर केलेला स्वयंपाक तो पराक्रम, आणि रोज दोन्ही वेळा आत केलेला तो कुणाच्या हिशेबातच नाही. हे मला तेव्हा खुपत होतं का? नाही. मला धुराचा वास आणि तूप एवढंच आठवतं. खुपायला लागलं ते पुष्कळ नंतर, इथे आल्यावर, म्हणून मला त्या खुपण्यावरही पूर्ण विश्वास नाही.

शेतावर एक मुलगी होती, माझ्याच वयाची. तिचे आईबाप आपल्याकडे कामाला होते. दोघं शेतात गेली की ती मक्याचं पीठ गरम पाण्यात मळायची, तळव्यांवर थापून मातीच्या तव्यावर रोटी टाकायची. धाकट्या भावाला रोटी, लसूण-मिरचीची चटणी आणि गुळाचा खडा. मी तिच्या शेजारी बसून थापायला बघायचे, माझी रोटी चिरायची, तिची कधी नाही. मला तो खेळ वाटायचा, तिचं ते काम होतं. तुमच्या क्लबाचं घोषवाक्य आहे ना, करून शिका? ती तशीच शिकली होती, फक्त तिला जत्रेत रिबन लावायला कुणी आलं नाही. तिची पाककृती कार्डावर लिहावी असं मला काल वाटलं. पण ती तिची आहे, आपण आपल्या नावावर छापायची कशी?

बरं, इथल्या रोलंड गावच्या फोर-एच संग्रहालयात तू पाहिलंस की हे क्लब कॅनडात १९१३ साली तिथूनच सुरू झाले. त्यांना फोर-एच हे नाव १९५२ साली मिळालं. सुरुवातीला तिथेही शिवण आणि घरकाम बहुतेक मुलींकडे, वासरं मुलांकडे. एवढं तुझ्या मैत्रिणींना सांग, म्हणजे फक्त आम्हीच मागासलेले असं वाटणार नाही. (ही माझी सारवासारव आहे, मला माहीत आहे.)

शहरातल्या घरी आमची, म्हणजे मुलींची, एक जागा होती, ती म्हणजे खिरापत. पितृपक्षात शेजारच्या माळवी मुली भिंतीवर शेणाने संजाची चित्रं मांडायच्या, फुलं चिकटवायच्या, आम्ही गाणी म्हणायला तिथे. नवरात्र लागलं की त्या आमच्याकडे, भोंडल्याला. पाटावर हत्ती काढायचा, हस्त नक्षत्राच्या पावसाचा हत्ती, त्याच्याभोवती फेर धरायचा. शेवटी डबा बंदच ठेवून ओळखायला लावायचं. गोड की तिखट? नऊ-दहा वर्षांच्या मुली आपापली खिरापत स्वतः करायच्या आणि घरच्या कुणाला पत्ता लागू द्यायच्या नाहीत. पोळीचा लाडू, फोडणीचे पोहे, वाटली डाळ. मुलगे गच्चीवरून ओरडून ओळखायचे, खायला खाली यायचे आणि पसार व्हायचे. त्यांना कुणी कधी "तुम्हीपण करा" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर केलं असतं असं मला वाटतं. बंडू तर नक्की.

एका वर्षी माझी खिरापत कुणालाच ओळखता आली नाही. शिरा, खिचडी, उपमा, सांजा, सगळं म्हणून झालं. भुट्ट्याचा, म्हणजे मक्याच्या कणसाचा, कीस होता तो. इंदुरात सराफा बाजारात रात्री मिळतो तोच, पण कढईभर पाहिलेला पदार्थ बंद डब्यात कुणाच्या ध्यानात येत नाही. नवरात्रापर्यंत शेतावरचे भुट्टे जून होत आले होते, किसताना माझी बोटं सोलली. निम्मे बंडूने किसून दिले, सांगणार नाही या अटीवर. आता सांगितलं.

कार्डावर हाच लिही असं मला वाटतं. वाटतं म्हणजे फक्त वाटतं. तुला पास्ता लिहायचा असेल तर पास्ता लिही, तोही तू चांगला करतोस.

चार कणसं सोल, केस नीट काढ, मधलं दांडकं हातात येईपर्यंत किसणीवर आडवी किस. बोटं सांभाळ. जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तूप, त्यात जिरं, चिमूटभर हिंग, बारीक चिरलेल्या दोन हिरव्या मिरच्या. मग कीस घाल आणि मध्यम आचेवर परतत राहा, कच्चा वास जाऊन कडेला तूप सुटेपर्यंत. इथे लोक कंटाळतात आणि दूध लवकर ओततात. तू ओतू नकोस. इथल्या मॉर्डनच्या मक्याच्या उत्सवात मिळतात ती कणसं गोड आणि रसाळ, म्हणून त्यांना अर्धा कपच दूध लागतं आणि साखर अजिबात नको. आपल्या देशी मक्याला कपभर लागायचं, वर चिमूटभर साखरही. मीठ घालून दूध आटेपर्यंत ढवळ. लिंबू गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटतं. वर कोथिंबीर, ओलं खोबरं असलं तर, आणि जिरावण, तो इंदुरी मसाला. जिरावणाचा डबा आजीने दिलेल्या पिशवीत आहे. कार्डावर "जिरावण नसल्यास जिरेपूड, आमचूर आणि काळं मीठ" असं लिही, सगळ्यांच्या आज्या इंदूरला नसतात.

कार्ड द्यायच्या आधी एकदा करून बघायला हवं. शनिवारी मी कामावर आहे, बाबा घरी आहेत. ढवळायचं तू, किसायला त्यांना बसव. फक्त आधी सांगू नकोस, नाहीतर त्यांना नेमकी गाडी धुवायची आठवण होईल.

तुझी,
आई