बर्लिनच्या लढाईतल्या टी-३४ या सोव्हिएत रणगाड्याचं मॉडेल बनवतोय. त्यावर जाळ्या आणि लाकडाचा ओंडका दाखवावा का? की तो सगळा निरुपयोगी जुगाड होता?

‘निरुपयोगी’ हा शब्द वाचला आणि उत्तर द्यायला बसलो. मी टी-५५ रणगाड्याचा ड्रायव्हर होतो, ट्रेनिंग नगरचं. जाळ्यांचं नंतर सांगतो, आधी ओंडका.

ऐंशीच्या दशकातला पंजाबातला हिवाळी सराव. त्याआधी इन्स्पेक्शन होतं. गाड्या रंगवून चकाचक केल्या होत्या, आणि एका वरिष्ठांनी मागच्या बाजूचे ओंडके उतरवायला लावले. ‘रणगाडा आहे की लाकूडगाडी?’ असं सगळ्यांसमोर म्हणाले. सरावात तिसऱ्या दिवशी कालव्याच्या कडेला पाणी दिलेल्या शेतात माझी गाडी घसरली. ३६ टनांची गाडी, बघता बघता पोट टेकलं. एकदा पोट टेकलं की पट्टे जागच्या जागी फिरतात, आणि रेस द्याल तेवढा खड्डा खोल होतो. रिकव्हरी गाडी दुसऱ्या स्क्वाड्रनकडे अडकलेली.

आमच्या नायब रिसालदार साहेबांनी शेतमालकाकडून किकरचा, म्हणजे बाभळीचा बुंधा मागून आणला, माझ्या मांडीएवढा जाड. दोन्ही पट्ट्यांच्या पुढे आडवा टाकला आणि दोन्ही टोकं साखळीने पट्ट्यांना आवळून बांधली. पहिला गिअर, अगदी हळू. पट्टे फिरले तसे त्यांनी बुंध्याला पोटाखाली ओढलं, बुंधा चिखलात रुतला आणि गाडी त्याच्यावरून पुढे सरकली. नाक वर उचललं गेलं ते मला सीटमध्ये कळलं. बुंधा मागून बाहेर येताच थांबायचं, नाहीतर पट्ट्याबरोबर वर चढून तो फेंडर फोडतो. साहेब बाहेर उभं राहून हाताने इशारा करत होते. वीस मिनिटांत गाडी कोरड्यावर. शेतकऱ्याने पैसे घेतले नाहीत.

नंतरच्या मीटिंगमध्ये त्याच वरिष्ठांनी चूक ड्रायव्हरची ठरवली. ओंडक्याचा विषयच निघाला नाही. ते मला आजही पटलेलं नाही.

रशियात वसंतात बर्फ वितळतं आणि शरदात पाऊस पडतो, तेव्हा रस्ते म्हणजे नुसता गाळ. त्याला तिथे ‘रस्पुतित्सा’ म्हणतात. टी-३४ चे पट्टे चांगले रुंद होते तरी गाड्या रुतायच्या, म्हणून क्रू स्वतःच ओंडके बांधून फिरायचे. युद्धानंतरच्या टी-५४, टी-५५ वर तोच ओंडका मागच्या बाजूला गाडीचं ठरलेलं सामान म्हणून आला. ज्याला जुगाड म्हणून हिणवतात, तो असा कारखान्याने स्वीकारला. रणगाड्याला काय लागतं हे आत बसणाऱ्याला आधी कळतं, माझं मत एवढंच आहे.

आता जाळ्या. बर्लिनमध्ये खिडक्यांतून, तळघरांतून पान्झरफाउस्ट, म्हणजे जर्मनांची हातात धरून डागायची रणगाडाविरोधी अस्त्रं, मारली जायची. त्याचा स्फोट धातूची बारीक धार पुढे फेकतो आणि ती साधारण २०० मिलिमीटर पोलाद भेदते. टी-३४ ची बाजू ४५ मिलिमीटरची. स्फोट चिलखताला भिडण्याआधीच व्हावा म्हणून वर्कशॉपमध्ये तारेच्या जाळ्या वेल्ड करून बसवल्या. लोक त्यांना पलंगाच्या स्प्रिंगा म्हणतात, पण फोटोत दिसतात त्या बऱ्याचशा बेतून बनवलेल्या चौकटी आहेत. धार थोपवायला जाळी आणि चिलखतामध्ये होतं त्याहून बरंच जास्त अंतर लागतं, त्यामुळे भरवशाचं संरक्षण त्या देत नव्हत्या. खरा उपाय होता पुढे चालणारं, घरं साफ करत जाणारं पायदळ. तरी लावणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. रोज शेजारची गाडी जळताना बघणारा माणूस हाताला येईल ते लावणारच.

सगळेच जुगाड चांगले असतात असंही नाही, हे सांगायला हवं. पुढच्या प्लेटवर जादा संरक्षण म्हणून पट्ट्याच्या कड्या लटकवायचे, पण ते चिलखताचं पोलाद नव्हे, आणि वजन तर वाढतंच.

तुमच्या मॉडेलवर जाळ्या लावायच्या तर एखाद्या विशिष्ट गाडीचा फोटो समोर ठेवूनच लावा, सगळ्या गाड्यांवर त्या नव्हत्या. ओंडका मात्र नक्की लावा, सोबत साखळीही. प्रदर्शनात कोणी ‘हे लाकूड कशाला?’ म्हणून विचारलं तर त्याला वरचा किस्सा सांगा.