कडेची निळी ताडपत्री

"कायद्यानं गुन्हा नाही ना, मॅडम?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यानं विचारलं.

अनोळखी माणसाचा न विचारता फोटो किंवा व्हिडिओ काढून तो टाकणं, हा विषय हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला दोन्ही बाजूंनी येतो. लोकलमध्ये पेंगतानाचा आपला व्हिडिओ कुणीतरी टाकला म्हणून कामावर जायला कचरणारी बाई येते. नाहीतर ज्यानं टाकला तोच येतो, झोप उडाल्याची तक्रार घेऊन. ऋतुराज हा दुसऱ्यातला. (नाव बदललंय, तपशीलही त्याला विचारून थोडे फिरवलेत.) वय २६, आयटीत नोकरी, शनिवार-रविवार गळ्यात कॅमेरा.

माउलींची पालखी जेजुरीहून वाल्ह्याकडे निघालेली असताना त्यानं एका आजींचा फोटो काढला होता. रस्त्याकडेला बसून भाकरी खाताहेत, पदर डोक्यावरून घसरलाय, टाचांना भेगा. खाली त्यानं एकच शब्द लिहिला, "एकटी". चार दिवसांनी तोच फोटो त्याच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत आला, तो भलत्याच मजकुरासकट: सुनेनं घराबाहेर काढलं, आता पांडुरंगच आधार, पुढे पाठवा. मग नातवाचा मेसेज आला. आजी आमच्याच घरी राहते, दर वर्षी गावच्या दिंडीतून जाते, आईला गावात तोंड दाखवायची सोय उरली नाही. ऋतुराजनं फोटो त्याच रात्री उडवला. पण तोवर तो कुठल्या कुठे पोचला होता.

कायद्याचं उत्तर मी आधी देऊन टाकलं, कारण ते मिळेपर्यंत समोरच्याला दुसरं काही ऐकू येत नाही. रस्त्यावर उघड दिसणाऱ्या माणसाचा फोटो काढायला आपल्याकडे सरसकट बंदी नाही. बाईचं खासगी क्षणी चोरून चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये बसतं. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, पण त्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक फोटो काही गुन्हा होत नाही. त्याच्या वकील मित्रानंही हेच सांगितलं होतं.

"मग झोप का येत नाही?"

"तेच तर."

त्याचं म्हणणं सरळ होतं. तो मजकूर मी लिहिला नाही, मग माझं काय चुकलं? मी वाद घातला नाही. मूळ फोटो दाखव म्हटलं, कापायच्या आधीचा. त्यानं लॅपटॉप उघडला आणि जरा वेळ काही बोललाच नाही. डाव्या कडेला निळ्या ताडपत्रीचं टोक होतं. तिच्याखाली दोन पाय पसरलेले, एक स्टीलचा डबा, आणि कुणाचा तरी हात आजींच्या पुढ्यात मिरचीचा ठेचा सरकवत होता. दिंडी जेवायला बसली होती. तो हात त्यानं फोटो काढताना पाहिला होता, घरी बसून कापला होता. "कंपोझिशन बिघडत होतं," तो हळूच म्हणाला.

मला विचाराल तर सगळी मेख त्या कापण्यात होती. "एकटी" हा शब्द त्याचाच. पुढच्यानं त्या शब्दाला सून जोडली, एवढंच. (खरं सांगायचं तर असले फोटो हळहळून मीही पुढे पाठवलेत. सुनेचा विचार तेव्हा मनात आला नव्हता.)

पुढच्या वेळी तो तयारीनं आला. म्हणाला, जगातले गाजलेले फोटो असेच काढलेत, अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा तो स्थलांतरित आईचा बघा. बघितला. १९३६ सालचा कॅलिफोर्नियातला फोटो, वाटाण्याच्या शेतावरच्या मजुरांचा तळ. लँगबाईंनी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. नाव बाहेर आलं १९७८ मध्ये, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, आणि ती म्हणाली की तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं. गाडीचे टायर विकून अन्न आणलं, हे लँगबाईंनी लिहिलेलं; विकायला टायर नव्हतेच, असं तिच्या मुलानं पुढे सांगितलं. ऋतुराजनं हे वाचलं नव्हतं. फोटो मात्र त्याच्या खोलीत भिंतीवर आहे.

मधले चारपाच गुरुवार अपराधी वाटणं आणि स्वतःचीच शिसारी येणं वेगळं करण्यात गेले. "मी हे केलं" म्हणणाऱ्याला काहीतरी करता येतं. "मी असलाच आहे" म्हणणारा रात्रभर छताकडे बघत राहतो. त्यानं कॅमेरा विकायला काढला होता, तो मी थांबवला. त्याऐवजी, जिथे जिथे तो फोटो दिसेल तिथे मूळ न कापलेला फोटो न टाकता, नुसतं लिहायचं की फोटो माझा आहे, मजकूर खोटा आहे, कृपया काढा. समाजमाध्यमांच्या तक्रार अधिकाऱ्यांकडेही अर्ज केले. काही ठिकाणचे फोटो निघाले. बरेचसे राहिले.

त्याला गावी जाऊन पाया पडायचे होते. मी म्हटलं, हलकं तुला वाटेल, त्यांना काय हवंय ते आधी विचार. नातवाचं उत्तर आठ दिवसांनी आलं. या, पण कॅमेरा नको.

आजींनी तो फोटो पाहिलाच नव्हता. त्याच्या मोबाईलवर निरखून बघितला आणि म्हणाल्या, "हाक तर मारायची रे. पदर घेतला असता." मग भेगांवर बोट ठेवून नातवाला म्हणाल्या, "बघ, तरी सांगत होते, मलम आण."

सून चहा द्यायलाही बाहेर आली नाही. तो निघाला तेव्हा दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "ते सुनेचं कुणी लिहिलं, ते सापडलं का?"

सापडलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी आम्ही तिथूनच सुरुवात केली.