वाचक विचारतात: ३७ डिग्री ठेवूनही पेशी का मरतात?

प्रश्न: ताई, मी दांडिया बाजारात राहते, इथेच बडोद्यात एमएस्सी करतेय. आमच्याकडे सेल कल्चर (शरीराबाहेर पेशी वाढवणं) नव्यानंच सुरू झालंय, म्हणजे बॅक्टेरियाचा साधा इन्क्युबेटर (ऊब देणारी पेटी) आणि आडव्या हवेचा लॅमिनार (गाळलेल्या हवेखाली काम करायचा कट्टा) एवढंच आहे. ३७ डिग्री ठेवतो तरी मीडिया (पेशींचं पोषक द्रव) दुसऱ्या दिवशी गडद गुलाबी होतो, पेशी सुटून तरंगतात, आणि पावसाळ्यात बुरशी तर ठरलेलीच. सर म्हणतात अँटिबायोटिक वाढव. वाढवू का?

उत्तर: नको गं! पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही नेहमीची अँटिबायोटिकची जोडी बुरशीला काही करत नाही, आणि मायकोप्लाझ्मा नावाच्या अगदी छोट्या बॅक्टेरियाला पेशीभित्तिकाच नसते, पेनिसिलिन त्या भित्तिकेवरच काम करतं, त्यामुळे ते तिथे फुकट, वर मायकोप्लाझ्मा मीडियाला गढूळही करत नाही, गुपचूप राहतो. तुमची भानगड हवेची आहे. नेहमीच्या मीडियात बायकार्बोनेट असतं, मीडियाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) ७.४ च्या आसपास राहायला भोवती ५ टक्के सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लागतो, साध्या इन्क्युबेटरात तो कुठला? मीडियातला वायू उडून जातो, पीएच चढतो, आणि मीडियातलं फिनॉल रेड, म्हणजे पीएचप्रमाणे रंग बदलणारं द्रव्य, गुलाबी होतं. (पिवळा आणि गढूळ झाला असता तर बॅक्टेरिया म्हटलं असतं.) सीओटू इन्क्युबेटरचं (आत सीओटू सोडणाऱ्या इन्क्युबेटरचं) बजेट येईपर्यंत एल-१५ नावाचा मीडिया वापरून बघा, तो साध्या हवेतच चालतो, झाकण मात्र घट्ट लावायचं, सगळ्या पेशींना मानवतो असं नाही, आधी थोड्यावर करून बघ. पुढे सीओटू इन्क्युबेटर आला की उलट, झाकण जरा सैल, नाहीतर फिल्टरवालं, कारण वायू आत जायला हवा ना.

आडव्या लॅमिनारमध्ये हवा तुझ्या तोंडावर येते, म्हणजे पेशी सुरक्षित आणि तू नाही! माणसाच्या पेशींसाठी क्लास टू बायोसेफ्टी कॅबिनेटच (पेशी आणि काम करणारा दोघांनाही जपणारी पेटी) हवं, इथे काटकसर करू नका. आणि काम चालू असताना वरचा पंखा बंद, बडोद्याच्या उकाड्यात जीव जातो हे मान्य, तरी बंद.

बुरशीचं म्हणशील तर नव्या सीओटू इन्क्युबेटरात ओलाव्यासाठी पाण्याचा ट्रे असतो, तिथेच ती पहिली घर करते. ऑटोक्लेव्ह केलेलं (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केलेलं) डिस्टिल्ड पाणी घालायचं, दर आठवड्याला बदलायचं, ट्रे ७० टक्के अल्कोहोलने पुसायचा. पुठ्ठ्याचे खोके खोलीतच आणू नका, दमट हवेत बुरशी पुठ्ठ्यावर लगेच धरते. आणि सीओटूचे सिलिंडर घ्याल तेव्हा दोन घ्या, एक भरलेला शेजारी, दिवाळीत नि उत्तरायणात सप्लायर फोन उचलत नाहीत.