शीग म्हणजे शिखर नव्हे

प्रश्न : हिंगोली जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे, "नववीला कथालेखन शिकवताना मी फळ्यावर डोंगर काढते : चढण, शिखर, उतरण. 'उत्कंठा शिगेला पोहोचली' यातली शीग म्हणजे हेच शिखर ना? आणि उत्कंठा नि रहस्य यांत फरक काय सांगावा?"

उत्तर : नाही ताई, हे शिखर नव्हे. हा घोळ इतका पसरलाय की 'शिगेला पोहोचणे म्हणजे शिखर गाठणे' असा अर्थ बिनदिक्कत सांगितला जातो, आणि बातम्यांत प्रचार महिनाभर शिगेला पोहोचलेलाच असतो. शिगेवर महिनाभर काही टिकत नाही! शीग आणि शिखर या शब्दांचं नातं जवळचं असो की लांबचं, मराठी माणसाने शीग पाहिली ती डोंगरावर नाही, मापावर.

चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. चार शेरांची एक पायली. धान्य मापाने दिलं-घेतलं जायचं तेव्हा माप काठोकाठ भरलं तरी ओतणारा हात थांबत नसे. काठाच्या वर ज्वारीचा जो निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. माप हात फिरवून सपाट करायचं की शीग लावून द्यायचं, हा सौद्यातला मोठा मुद्दा, कारण दर मापामागे धान्यात फरक पडतो. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनं आली, मोंढ्यात काटे बसले, मापं माळ्यावर गेली आणि शीग फक्त वाक्प्रचारात उरली. म्हणून ती पोरांना दाखवावी लागते.

दाखवणं सोपं आहे. घरात जुनं मापटं असेल तर उत्तम, नाहीतर स्टीलचा पेला, अर्धा किलो ज्वारी आणि खाली अंथरायला वर्तमानपत्र. पेला मुठीमुठीने भरा. काठापर्यंत भरेस्तोवर बघण्यासारखं काहीच घडत नाही, पोरं कंटाळतात. कंटाळू द्या. काठ ओलांडला की वर्ग पुढे सरकतो. आता मूठ नको, चिमूट. ढीग टोकदार होतो आणि मागच्या बाकावरची पोरं माना उंचावतात. 'उत्कंठा' शब्दात हेच आहे : उद् म्हणजे वर, कंठ म्हणजे गळा. वाट बघताना मान वर होते, तिचं नाव उत्कंठा. नाट्यशास्त्रातल्या आठ नायिकांमधली विरहोत्कंठिता तीच. तो येणार हे तिला ठाऊक आहे, अजून का आला नाही हे ठाऊक नाही.

मग एक चिमूट जास्त होते आणि दाणे चहूबाजूंनी घसरतात. हळूहळू नाही, एकदम.

कथानक यातून जितकं कळतं तितकं डोंगरातून कधीच कळणार नाही. "ती अमावास्येची भयाण रात्र होती" इथून सुरुवात करणारं पोरगं रिकाम्या पेल्यात शीग लावायला बघतंय. आधी पेला भरायचा : माणूस कोण, त्याला काय हवंय, त्यात धोका कुठला.

पेवाचंच घ्या. जमिनीतलं धान्याचं पेव बऱ्याच दिवसांनी उघडलं की आत लगेच उतरत नाहीत. कोंडलेलं धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो. म्हणून आधी कंदील सोडतात. समजा, आजोबांनी कंदील सोडला, तो विझला आणि ते शेजाऱ्याला बोलवायला गेले. तेवढ्यात बियाण्याची घाई असलेला नातू आला. इथे पेला काठोकाठ भरला. आता चिमटी : तो कमरेला दोर बांधतो. गाठ सुटते, पुन्हा बांधतो. एक पाय आत टाकतो. लांबून आजोबांची हाक येते, पण वारा उलटा आहे. बस्स! यात साप, वीज आणि चोर घातले की सगळं घसरून वर्तमानपत्रावर. 'अचानक' हा शब्द तर वर्गातून काही दिवस काढूनच टाका. नातू उतरला, अचानक कोसळला, हा नुसता धक्का. कंदील विझलेला वाचकाला आधी दिसला आणि नातवाला दिसला नाही, म्हणून मान वर होते.

डोंगराची आकृती मुळात कुठली? गुस्टाफ फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली नाटकाच्या तंत्रावर लिहिताना पिरॅमिड मांडला, तो पाच अंकी नाटकासाठी. त्यात टोक मधोमध, तिसऱ्या अंकात येतं. ते परीक्षेच्या एका पानाच्या गोष्टीवर लादणारे जाणकार मला साफ अमान्य आहेत. पोरं टोक पानाच्या मध्यावर आणतात, मग चढणीइतकीच उतरण हवी म्हणून उरलेलं अर्धं पान सत्कार, पेढे आणि उपदेशाने भरतात. शीग घसरते ती एका दमात. शेवटाला दोन-तीन वाक्यं पुरे : हाक ऐकू आली, पाय बाहेर निघाला, आजोबांनी विझलेला कंदील हातात दिला.

रहस्याचं थोडक्यात. रहस् म्हणजे एकांत. एकांतातलं, लपलेलं ते रहस्य. 'विरह' आणि 'रहित' याच 'रह्' (सोडणे) धातूचे. रहस्यात घडून गेलेलं झाकलेलं असतं, उत्कंठेत पुढचं लोंबकळत असतं. वरच्याच गोष्टीत नातू पेवाशी बेशुद्ध सापडला आणि कंदिलाचं शेवटी कळलं, तर रहस्य झालं. पोरांकडून तीच गोष्ट दोन्ही तऱ्हांनी लिहून घ्या, कंदील एकदा तिसऱ्या वाक्यात, एकदा शेवटून दुसऱ्यात.

आणि वही तपासताना बघा : मूळ शब्द 'शीग', पण प्रत्यय लागला की 'शिगेला', पहिली वेलांटी.