मेल पोराच्या नावाने, लिहिणारे बाबा

एडिसन, न्यू जर्सीहून एका बाबांचं पत्र आलंय. लांबलचक आहे, थोडक्यात सांगते. मुलगा यंदा सीनियर इयरला, म्हणजे आपल्याकडची बारावी. बास्केटबॉल खेळतो, उंची पाच फूट अकरा, पॉइंट गार्ड म्हणजे टीमचा खेळ चालवणारा, शाळेच्या व्हर्सिटी म्हणजे मुख्य टीममध्ये दोन वर्षं, गेल्या सीझनला मॅचमागे चौदा पॉइंट. तिसरीपासून प्रायव्हेट ट्रेनर, उन्हाळाभर एएयूच्या, म्हणजे शाळेबाहेरच्या क्लब टीमच्या टूर्नामेंट, त्यांची हॉटेलं, विमानं. "ह्या नऊ वर्षांत जेवढा पैसा घातला त्यात आमचं बेसमेंट फिनिश झालं असतं," असं बाबा लिहितात. आता पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजचा कोच मागे लागलाय, अर्ली डिसिजनला, म्हणजे एकाच कॉलेजला बांधून घेणारा लवकरचा अर्ज कर म्हणतोय, पण कॉलेज डिव्हिजन थ्रीचं, कॉलेजच्या खेळांच्या तीन पातळ्यांतली शेवटची. बाबांचं म्हणणं, थ्रीमध्ये स्कॉलरशिप नाही, मॅच टीव्हीवर दिसत नाही, मराठी मंडळात सांगितलं तर कॉलेजचं नावसुद्धा कुणाला माहीत नसतं, इथेच घालायचं होतं तर एवढं केलं कशाला. त्यापेक्षा बारावीनंतर एक जास्तीचं वर्ष प्रेप स्कूलला, म्हणजे कॉलेजची तयारी करून घेणाऱ्या खाजगी शाळेत घालतो आणि डिव्हिजन वनची वाट बघतो. कुठली प्रेप स्कूल चांगली, एवढंच विचारलंय.

दादा, प्रेप स्कूलचं नंतर बघू. मी तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर अडकलेय. तिथे तुम्ही अगदी सहज लिहिलंय की कोच लोकांचे मेल सगळे मीच बघतो, मुलाच्या नावाने वेगळं जीमेल काढलंय, पासवर्ड माझ्याकडे असतो, त्याचं लक्ष विचलित नको म्हणून त्याला सगळं दाखवत नाही. आणि लगेच पुढे, "ह्या कोचला मी कळवलंय की आय ॲम इंटरेस्टेड बट एक्स्प्लोअरिंग अदर ऑप्शन्स."

ह्यातला 'आय' कोण?

तो कोच सतरा वर्षांच्या पोराशी बोलतोय असं समजून लिहितोय आणि पलीकडे बसलाय सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. पोराला पत्ताच नाही की त्याने एका कॉलेजला तोंडावर 'बघू' म्हणून सांगितलंय. आणि तुम्हाला वाटतं तसं हे लपून राहत नाही हो. कोच लोक वर्षाला शेकडो मेल वाचतात, कुठला मुलगा सकाळी दहा वाजता शाळेच्या वेळात तीन पॅराग्राफचा मेल टाकून खाली 'काइंडली डू द नीडफुल' लिहितो?

माझ्याकडे चार-पाच वर्षांपूर्वी असाच एक विद्यार्थी होता. मेल वडील लिहायचे, मला माहीत होतं, मी काही बोलले नाही, म्हटलं मेलच तर आहेत. मग एका कोचने थेट त्याच्या मोबाइलवर फोन केला, तुझा परवाचा मेल आवडला, आमच्या झोन डिफेन्सबद्दल तू जे विचारलंस त्यावर बोलू या म्हणाला. पोरगा गप्प. त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं त्याने काय विचारलंय. त्या कोचचा पुन्हा फोन आला नाही, आणि मुलगा नंतर मला म्हणाला की फोन गेल्याचं काही नाही मॅडम, पण त्या दीड मिनिटात मला आपण चोर आहोत असं वाटलं. तेव्हा गप्प राहिले म्हणून आज जरा जोरात बोलतेय.

दुसरी गोष्ट ती एक्सेल शीट. तुम्ही कौतुकाने जोडलीये, गेल्या सीझनच्या सत्तावीस मॅच, मिनिटं, पॉइंट, असिस्ट, टर्नओव्हर, इथवर ठीक. पण शेवटचा कॉलम आहे 'एफर्ट (माझ्या मते)', दहापैकी. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला. सत्तावीस मॅचमध्ये तुम्ही त्याला एकदाही आठच्या वर दिलेले नाहीत. ज्या दिवशी त्याने सव्वीस पॉइंट मारले त्या दिवशी साडेसात आहेत, आणि कंसात 'सेकंड हाफ लेझी'. ही शीट तो बघतो का हे तुम्ही लिहिलेलं नाही. बघत असणार, एकाच घरात राहता.

आता तुमचा जो मोठा गैरसमज आहे त्याकडे येते, कारण त्यावर तुम्ही अख्खं गणित मांडलंय. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी एक डॉलरही देता येत नाही हा नियम खरा आहे. पण त्यावरून 'पैसेच मिळत नाहीत' कुठून आलं? तिथले बहुतेक खेळाडू घरच्या उत्पन्नावर किंवा मार्कांवर काही ना काही मदत घेऊनच शिकतात, आणि ती मदत बास्केटबॉलला बांधलेली नसते, म्हणजे उद्या गुडघा गेला किंवा पोराचं मन उडालं तरी पैसे कापले जात नाहीत. डिव्हिजन वनची स्कॉलरशिप म्हणजे चार वर्षं डोळे मिटून फुकट असं तुमच्या डोक्यात आहे, पण खूप ठिकाणी ती एकेका वर्षाची असते आणि पुढे रिन्यू करावी लागते, आणि नवा कोच आला की तुमचा मुलगा त्याला हवाच असेल असं नाही. बरं, ज्या हार्वर्ड-येलवाल्या आयव्ही लीगचं नाव तुम्ही पत्रात चारदा घेतलंय ती सगळी कॉलेजं डिव्हिजन वनमध्येच खेळतात, आणि तिथेही खेळाची स्कॉलरशिप नाहीच! छोट्या कॉलेजांमध्येही फरक आहेत, स्वार्थमोर, हॅवरफर्ड वगैरे मुख्यतः घरची गरज बघून देतात, गेटिसबर्ग, डिकिन्सन मार्कांवरही देतात. तुम्ही दोघं आयटीत आहात त्यामुळे गरजेच्या हिशोबात फार बसणार नाही, ते आधीच सांगून ठेवते. पण प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता तुम्हाला खरे किती पडतील त्याचा अंदाज देणारा, कायद्यानेच ठेवावा लागतो, त्यात आकडे भरायला वीस मिनिटं लागतात. नऊ वर्षांत तुम्ही ती वीस मिनिटं काढलेली दिसत नाहीत, सरळ ब्रोशरवरचा आकडा धरून छाती बडवताय.

आणि तुम्ही डंकन रॉबिन्सनचं उदाहरण दिलंय, की बघा तो प्रेप स्कूलला एक वर्ष जास्त राहिला आणि एनबीएत गेला. दादा, एक्सेटर ह्या प्रेप स्कूलला ते जास्तीचं वर्ष काढून तो गेला कुठे ते बघितलंत का? विल्यम्स कॉलेजला. डिव्हिजन थ्री! 2014 मध्ये विल्यम्स थ्रीच्या फायनलला दोन पॉइंटांनी हरलं, त्यात तो खेळला, मग त्याचा कोच दुसरीकडे गेला म्हणून हा मिशिगनला ट्रान्सफर झाला, तिथे एक वर्ष नुसता बसला आणि नंतर एनबीएतली मायामीची टीम. म्हणजे तुमचा साक्षीदार माझ्या बाजूने बोलतोय. शिवाय तो सहा फूट सात आहे. तुमच्या चिरंजीवांपेक्षा आठ इंच.

उंचीचं लागलं असेल तर सॉरी, पण हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि जो ट्रेनर तासाला पैसे घेतो तो कशाला सांगेल. अमेरिकेत हायस्कूलला बास्केटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी कॉलेजच्या एनसीएए (कॉलेजचे खेळ चालवणारी संस्था) टीममध्ये जेमतेम तीन-चार जातात, तिन्ही डिव्हिजन धरून. वनमध्ये एक. आणि आता ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, तिथल्या कोचला शाळेतून निघालेला पोरगा घडवत बसायची गरजच उरली नाही, दुसऱ्या कॉलेजात दोन-तीन सीझन खेळलेला, अंगाने भरलेला बावीस वर्षांचा गडी त्याला आयता मिळतो. अशा वेळी बोर्डिंग प्रेप स्कूलच्या एका वर्षाला साठ-सत्तर हजार डॉलर घालणं म्हणजे दुसरं बेसमेंट घालवणं.

'थ्री म्हणजे गल्लीतला खेळ' हे मात्र मला जाम खटकलं. मागे फेब्रुवारीत, बुधवारची संध्याकाळ, बाहेर बर्फाचा चिखल, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मॅच बघायला गेले होते सेंटेनियल कॉन्फरन्समधली, म्हणजे हीच स्वार्थमोर, हॅवरफर्ड, जॉन्स हॉपकिन्स, गेटिसबर्ग, डिकिन्सन मंडळी, बसने जाऊन खेळून परत यावं अशा अंतरावरची. तीनेकशे माणसं असतील, त्यातली निम्मी आईबाप आणि होस्टेलची पोरं. पण खेळ काय होता! एका वेळेला बॉल जमिनीला न लागता सहा हातांतून फिरला, मी मोजले, एक जण तर दोनदा आला त्यात, आणि शेवटी कोपऱ्यातून थ्री-पॉइंटर. वरून उड्या मारणारं कुणी नव्हतं, सगळे तुमच्या मुलाच्याच उंचीचे नाहीतर थोडे वर, पण कोण कुठे पळणार हे दुसऱ्याला आधी माहीत. त्या मॅचला जीव का लागला होता तेही सांगते. ऑक्टोबरच्या मध्याला प्रॅक्टिस, नोव्हेंबरला मॅच सुरू, पूर्ण सीझनला पंचवीस मॅच, त्यातला डिसेंबर परीक्षांत जातो, जानेवारीत कॉलेज रिकामं असताना हीच पोरं तेवढी कॅम्पसवर, आणि ह्या सगळ्याचा निकाल लागतो तो फेब्रुवारीत. कॉन्फरन्सची टूर्नामेंट जिंकली तर चौसष्ट टीमच्या एनसीएए टूर्नामेंटमध्ये थेट एंट्री, नाही जिंकली तर कमिटीच्या मर्जीवर. चारशेच्या वर कॉलेजं आहेत थ्रीमध्ये, त्यातून चौसष्ट. स्वार्थमोर ह्याच वाटेने 2019 ला पार फायनलपर्यंत गेलं होतं.

मॅच संपल्यावर माझा विद्यार्थी बाहेर आला तो गुडघ्यावर बर्फाची पिशवी प्लास्टिकने गुंडाळलेली, एका हातात सँडविच, दुसऱ्या हातात फोन, आणि पहिलं वाक्य काय तर मॅडम, उद्या आठला लॅब आहे, पार्टनरला सांगितलंय रीडिंग्ज तू घेऊन ठेव. हरले होते त्या दिवशी. चेहरा पडलेला होता पण कुणाला घाबरलेला नव्हता.

आणि हे पण ऐका, तिथे गेल्यावर तुमचा मुलगा पहिलं वर्ष बहुधा बेंचवरच बसेल. त्या बेंचवरची सगळी पोरं आपापल्या शाळेत चौदाच्या वर मारूनच आलेली असतात. तेव्हा तुमच्या एक्सेलमध्ये भरायला काही नसेल, त्याची तयारी त्याने नाही, तुम्ही करायची आहे.

पत्राच्या शेवटी ताजा कलम टाकावा तशी एक तक्रार आहे, की दर शनिवारी दोन तास हा मंडळाच्या मराठी शाळेतल्या बारक्या पोरांना फुकटात ड्रिबलिंग शिकवत बसतो, त्या वेळात स्वतःचं शूटिंग झालं असतं. मला अख्ख्या पत्रात मुलगा म्हणून तो फक्त ह्या एका ओळीत दिसला. बाकी सगळीकडे आकडे आहेत. सतरा वर्षांचा मुलगा शनिवारी सकाळी कुणी न सांगता सहा-सात वर्षांच्या पोरांसमोर उभा राहतो ही साधी गोष्ट नाही, आणि गंमत म्हणजे ज्या छोट्या कॉलेजांना तुम्ही नाक मुरडताय तिथून असे लोक खूप निघालेत. ग्रेग पॉपोविच एनबीएतल्या सॅन अँटोनियोचा कोच म्हणून नाव काढण्याआधी आठ वर्षं पोमोना-पिट्झर ह्या थ्रीच्या टीमला शिकवत होता, पहिल्या सीझनला दोन जिंकल्या, बावीस हरल्या. ब्रॅड स्टीव्हन्स डीपॉ ह्या कॉलेजला खेळला, तेही थ्रीच, पदवीनंतर एका औषध कंपनीतली चांगली नोकरी सोडून बटलर युनिव्हर्सिटीला कोचिंगच्या कामाला लागला आणि 2010, 2011 अशी लागोपाठ दोनदा ती टीम वनच्या फायनलला नेली. आता लगेच 'कोच करायचंय' म्हणून नवी एक्सेल उघडू नका, हात जोडते. त्याला शिकवायला आवडत असेल, किंवा नुसती ती पोरं आवडत असतील. विचारलंय कुणी? मेजर, म्हणजे मुख्य विषय, काय घ्यायचा आहे ह्यावर तुमच्या पत्रात एक शब्द नाही. एसएटी, एपी ह्या परीक्षांचे स्कोअर आहेत, ते छान आहेत, त्यावर मला काही बोलायचं नाही.

तेव्हा प्रेप स्कूलचं नाव मी देत नाही. देणार पण नाही. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायला माझी मदत कशाला.

आज रात्री त्या जीमेलचा पासवर्ड त्याला द्या आणि आतापर्यंतचे सगळे मेल वाचू द्या, तुम्ही त्या खोलीत थांबू नका. चिडेल, चिडू दे. मग त्या कोचला फोन त्याने स्वतः करायचा, आधीचे मेल वडील लिहीत होते हे सरळ सांगायचं, आणि विचारायचं की ह्या वर्षी किती गार्ड घेताय, ॲडमिशन ऑफिसने माझे मार्क बघून काही म्हटलंय का, आणि एक रात्र होस्टेलवर राहून प्रॅक्टिस बघता येईल का. कोचचा शब्द म्हणजे ॲडमिशन नाही हेही त्याला कळू दे. कॅल्क्युलेटर मात्र तुम्ही भरा, तो तुमचा विषय आहे, आणि जो आकडा येईल तो त्याला खरा सांगा, परवडत नसेल तर तसं सांगा, पण 'थ्री आहे म्हणून नको' असं म्हणू नका. अर्ली डिसिजन बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या 1 किंवा 15 ला बंद होतं आणि ते बांधून घेणारं असतं, लागलं की जावं लागतं, म्हणून त्यावर तीन सह्या असतात, मुलाची, पालकांची आणि शाळेच्या काउन्सेलरची. तुमची त्यातली एकच.

आणि मला पुढचं पत्र त्याच्याकडून हवंय. मराठीत जमत नसेल तर इंग्रजीत चालेल. सीसीमध्ये तुम्ही नको.